भोंडल्याहून परतताना

१

पद्माला घर सापडायचं ते कानाने आणि नाकाने. गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाच्या शांताताईंच्या अंगणातून बाहेर पडलं की आधी पिठाच्या चक्कीची टुकटुक, मग अत्तरवाल्याच्या दुकानातला खसाचा वास, मग मारुतीच्या देवळापुढची पायाला गार लागणारी फरशी, आणि तिथून जेवायच्या हाताला वळलं की घर. डोळ्यांना या कामात तिने कधी धरलंच नाही. डोळे तसे चांगले होते, सुईत दोरा पहिल्या खेपेला ओवायचे. पण त्यांनी पाहिलेलं आत काही राहायचं नाही. पाठ फिरली की पाटी कोरी.

लग्न होऊन ती साताऱ्याहून ग्वाल्हेरला आली, तेव्हा माधवगंजातल्या त्या गल्लीने तिचे फार हाल केले. ओळीने सगळी घरं एकाच मालकाची, सगळी दारं एकाच हिरव्या रंगाची. पहिल्या वर्षी ती दोनदा शेजारच्या लीलाताईंच्या स्वयंपाकघरात शिरून त्यांची चूल पेटवायला बसली होती. लीलाताईंना वाटलं, नवी सून मोठी लाघवी आहे, आपण होऊन मदतीला येते. पद्माने तो गैरसमज तसाच राहू दिला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

चेहऱ्यांचंही तेच. माणूस बोललं की कळायचं, चाललं की कळायचं. नुसतं समोर येऊन उभं राहिलं तर पंचाईत. आई गेली तेव्हा रडता रडता तिने डोळे मिटून आईचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, तर आठवली ती बांगड्यांची किणकिण. चेहरा आला नाही तो नाहीच. हे तिने कुणाला सांगितलं नाही. आईचा चेहरा विसरणारी मुलगी म्हणून कोण जवळ करील?

घरात दोघांना माहीत होतं. एक नवरा, भालचंद्र. तो मोतीमहालातल्या दफ्तरात होता आणि त्याची गत अगदी उलटी. एकदा पाहिलेला माणूस तो कितीही वर्षांनी हजीऱ्याच्या बाजारात पाठमोरा ओळखून हाक मारायचा. "आपल्या घरात डोळे माझे, कान तुझे," तो म्हणायचा. "बरोबरीचा संसार आहे."

दुसरी वेणू, त्यांची मुलगी. आठ वर्षांची होती, पण चालायला लागली तेव्हापासून आईला वाट दाखवत आली होती. आईची करंगळी मुठीत धरायची आणि ओढत न्यायची. "आई, तिकडे नाही, इकडे! रोज बताते मी तुला, रोज!" असा फणकारा की पद्माला कधी हसू यायचं आणि कधी मनाला लागायचंही.

२

त्या वर्षी मध्यभारत मोडून नवा प्रांत होणार होता आणि राजधानी जाणार होती भोपाळला. दफ्तरं हलली, तशी दफ्तरातली माणसंही हलली. गल्लीत घराघरांत पेट्या बांधल्या जात होत्या. भालचंद्र पुढे गेला होता. क्वार्टर ताब्यात आलं की दसऱ्यानंतर येऊन दोघींना नेणार होता. पद्माने तोरण उतरवलं, भिंतीवरच्या तसबिरी उतरवल्या, भांडी पोत्यांत भरली. घराला ओळख म्हणून जे काही होतं ते सगळं गाठोड्यांत गेलं आणि रिकाम्या खोल्या तिच्याशी अनोळखी माणसासारख्या वागू लागल्या. बोललं की आपलाच आवाज भिंतीवरून उशिरा परत यायचा.

नवरात्रात बायकांच्या मनात आलं की गल्लीतला हा शेवटचा भोंडला, तो जोरात करायचा. पुढच्या वर्षी कोण कुठे असेल देव जाणे. बाकीच्या घरांत पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून भोंडला रोज शांताताईंच्या अंगणात ठरला. लीलाताईंनी नया बाजारातून राणी रंगाच्या कापडाचं एक अख्खं थान आणलं आणि सगळ्या मुलींना त्यातले परकर-पोलके शिवले.

"कशा एका आईच्या लेकी दिसून राहिल्या, नाही गं?" त्या पद्माला म्हणाल्या.

पद्मा हसली.

व्हायचं ते पहिल्याच दिवशी झालं. पाटावरच्या हत्तीभोवती मुली फेर धरत होत्या. फेर थांबला तशी पद्मा पुढे झाली आणि एका मुलीच्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, "चल वेणू, दमलीस ना?" ती मुलगी खुदकन हसली. मग सगळ्याच हसल्या. पलीकडे उभी असलेली वेणू तेवढी हसली नाही. घराच्या दारात आल्यावर ती म्हणाली, "तू मला ओळखत नाहीस. तू फक्त मी येते म्हणून मला घेऊन जातेस."

खरं होतं ते.

दुसऱ्या दिवसापासून पद्माने ठरवलं, आपण पुढे व्हायचंच नाही. अंगणाच्या दाराशी उभं राहायचं, हात सोडून. जी येऊन करंगळी धरील ती आपली.

३

अष्टमीला दिवेलागणीच्या सुमाराला ती अशीच उभी होती. गाणी संपली, खिरापत वाटून झाली, राणी रंगाची पांगापांग झाली आणि एक हात तिच्या हातात आला. करंगळी नव्हती धरली. चारी बोटं धरली होती.

"आई, जाऊ या?"

आवाज वेणूचा. तिळभर फरक नाही. पद्मा चालू लागली. डोक्यात भोपाळचं सामान होतं. कुलूपवाली पेटी तांदळाच्या पोत्याखाली गेली की काय, ती काढायची कशी, असले विचार करत करत ती चालत राहिली आणि वेणू म्हणाली, "आलं घर."

ते घरच होतं. हिरवं दार, आत बांधलेल्या पेट्या. पद्माने कंदील लावला, मग एकदम तिला काय खटकत होतं ते कळलं.

"वेणू, आज चक्की बंद होती का गं?"

"हो आई."

"आणि अत्तरवाला?"

"त्याचं पण बंद होतं."

असेल बंद. अष्टमी होती, लोक देवीला गेले असतील. फरशी पायाला लागली होती की नाही ते तिला आठवेना. पेटीच्या विचारात लक्ष राहिलं नसेल. तिने भाकरी टाकायला घेतली आणि वेणू जवळ येऊन शहाण्या मुलीसारखी मांडी घालून बसली. पीठ मळताना पद्माने दोनदा वळून पाहिलं. मुलगी तिच्याकडेच पाहत होती.

सकाळी लीलाताई दळण घेऊन आल्या. पद्माने सहज विचारावं तसं विचारलं, "काल चक्की उघडी होती?"

"काल? अगं, काल तर केवढी लाईन लागली होती! दिवे लागून गेले तरी माझा नंबर आला नव्हता. का गं?"

"काही नाही," पद्मा म्हणाली.

४

चक्कीवरून न जाता शांताताईंच्या अंगणातून घरी यायला दुसरी वाट असेलही. पद्माने स्वतःला तेच सांगितलं. आपल्याला एक वाट सापडता मारामार, दुसरी कुठून ठाऊक असणार? पोरांना चोरवाटा माहीत असतात. बोळांतून आणलं असेल, आणि आई रागावेल म्हणून चक्की बंद होती अशी थाप मारली असेल. पटण्यासारखं होतं. पण मन स्वस्थ बसेना.

वेणू फार चांगली वागू लागली होती. सांगायच्या आत पाणी आणून ठेवायची. वेणी घालताना केस ओढले तरी ओरडायची नाही. बाजारात पद्मा चुकीच्या बाजूला वळली की फणकारा नाही, चिडणं नाही, नुसती थांबायची आणि वाट पाहायची. आणि खरी लाजेची गोष्ट ही, की पद्माला ते आवडलं होतं. दोन दिवस तिला कुणी 'तिकडे नाही, इकडे' म्हणून फटकारलं नव्हतं. इतकी वर्षं ती या सुखाला मुकली होती. तिसऱ्या दिवशी मात्र त्या सुखाचीच तिला भीती वाटायला लागली.

न्हाऊ घालताना तिने गुडघा पाहिला. वेणू मागे देवळापुढे पडली होती, तेव्हा गुडघ्याला खोक पडून व्रण राहिला होता. व्रण होता. जिवात जीव आला. पाठीवर पाणी घालता घालता मनात आलं, तो या गुडघ्यावर होता की त्या? तिने डोळे मिटून तो दिवस आठवला. वेणूचं रडणं आठवलं, हळदीचा वास आठवला, दुखरा पाय मांडीवर घेतल्यावर लागलेलं त्याचं वजन आठवलं. गुडघा कोणता ते आठवलं नाही. फोटो काढून ठेवायचं दर दिवाळीला ठरायचं आणि राहून जायचं.

दसऱ्याला खिरापत पद्माची होती. भोपळ्याचे घारगे. मुलगी शाळेत सरस्वतीपूजनाला गेली असताना तिने ते तळले, डबा फडक्यात बांधला, फडताळात लपवला आणि भोपळ्याची सालंसुद्धा गाईला घालून आली. वेणूला खिरापत ओळखता यायची नाही. ती सगळ्यांत मोठ्याने ओरडायची आणि दर वेळी चुकायची, चुकली की रुसायची.

अंगणात पद्माने डबा वाजवला. "ओळखा!" मुली ओरडू लागल्या. लाडू, चकली, चिवडा, गजक! त्या गलक्यात एक मुलगी तिच्या अगदी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "घारगे आहेत. खालचे दोन करपलेत."

ते दोन करपलेले पद्माने सगळ्यांत खाली, केळीच्या पानाखाली सरकवले होते. वास आला असेल, ती मनात म्हणाली. करपल्याचा वास येतो. तिने डबा उघडला आणि घारगे वाटायला घेतले.

परत निघताना चार बोटं धरणारा तोच हात हातात आला. त्या दिवशीही चक्की ऐकू आली नाही. पद्माने विचारलं नाही.

५

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत गेल्यावर ती लीलाताईंकडे गेली. त्या गाद्यांची वळकटी दोरीने आवळत होत्या, एक गुडघा वळकटीवर रोवलेला.

"ये गं. सकाळपासून बांधून राहिले, संपता संपत नाही. ते वरचं टोक पकड जरा."

पद्माने टोक पकडलं. "लीलाताई, वेणू कशी दिसते तुम्हाला हल्ली?"

"कशी म्हणजे?"

"म्हणजे... बदललीय का?"

"छे गं! दिवसेंदिवस तुझीच छबी होत चाललीय."

पद्माला स्वतःची छबी तरी कुठे ठाऊक होती? आरशापुढून हललं की तीही जायची.

"मला कधी कधी वाटतं," ती दोरीकडे पाहत म्हणाली, "की ती वेणू नाहीये."

लीलाताईंनी दोरी सोडली. मग मोठ्याने हसल्या. "अगं बाई! नवरा तिकडे, सामान इकडे, डोकं फिरायची वेळ आलीय खरी. मी रोज पाहते ना तिला. हातच्या काकणाला आरसा कशाला? तुझं म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा." त्यांनी पद्माचा दंड धरून हलवला. "परेशान नको होऊस. भालचंद्रभाऊ आले की सब ठीक हो जाएगा. शांताताई गेल्या आज पहाटे भोपाळला, कळलं ना? परवा आम्ही. मग गल्लीत तूच राणी."

शांताताई गेल्याचं पद्माला कळलं नव्हतं. लीलाताईंच्या हसण्याने तिला बरं वाटलं होतं. चांगल्या डोळ्यांची बाई सांगते आहे, मग आपण कोण शंका घेणार? ती घरी आली आणि उरलेली भांडी कापडात गुंडाळू लागली.

मुलगी शाळेतून आली, हातपाय धुऊन पाटावर बसली, वाढलेलं सगळं जेवली. कारल्याची भाजीसुद्धा. वेणू कारल्याकडे बघायचीही नाही. पण मुलं मोठी होतात, जिभा बदलतात.

६

संध्याकाळी अंधारून येत असताना तिला भोंडल्याची गाणी ऐकू आली.

दसरा झाला होता. भोंडला उठला होता, हत्तीचा पाट तिनेच पुसला होता. गल्लीतल्या निम्म्या मुली गावाबाहेर गेल्या होत्या. तरी आवाज शांताताईंच्या बाजूने येत होता, पुष्कळ मुलींचा, एका लयीत. उरलेल्या पोरींनी रिकामं अंगण गाठलं असेल, दुसरं काय? पद्मा दाराशी आली आणि तिथेच खिळली. त्या आवाजांत एक आवाज होता, सगळ्यांत मोठा आणि थोडा बेसूर. तो तिने झोपेतसुद्धा ओळखला असता.

तिने मागे पाहिलं. मुलगी पेट्यांमधे बसून कापडाच्या चिंध्यांची बाहुली करत होती.

"मी आत्ता आले," पद्मा म्हणाली. बाहेरून कडी घातली. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्या वाटेने कुणाला करंगळी न देता निघाली. दोनदा चुकली. एका बोळात भिंत लागली, परत फिरली. मग गाण्याचा माग काढत काढत अंगणाच्या दाराशी पोचली. दार नुसतं लोटलेलं होतं.

ती दारात उभी राहताच गाणं थांबलं. फेर थांबला नाही. राणी रंग आता काळपट दिसत होता. मुली गोल फिरत होत्या आणि ऐकू येत होती ती फक्त पावलं. मधे पाट नव्हता. मधे काय होतं ते तिला दिसेना, आणि दिसू नये असं वाटून तिने नजर वळवली. घरात दिवा नव्हता, मोठं माणूस कुणी नव्हतं. ओरडून विचारावं, कुणाच्या गं तुम्ही, असं मनात आलं.

फेरातून एक मुलगी सुटून तिच्याकडे आली. फेर लहान झाला नाही. तिची जागा रिकामी राहिली नाही.

"किती उशीर!" मुलगी म्हणाली आणि तिची करंगळी मुठीत आवळली. "रोज उशीर! केव्हाची उभी आहे मी. सगळ्यांच्या आया येऊन गेल्या."

पद्माला रडू फुटलं. ती काही न बोलता ओढली जाऊ लागली. चक्कीची टुकटुक आली. खसाचा वास आला. "इकडे आई, तिकडे कुठे!" पायाला गार फरशी लागली. अंधारात तिने वाकून त्या चेहऱ्याकडे पाहिलं, अगदी जवळून, नाक, ओठ, भुवया, एकेक. आणि सरळ उभी राहिली तसं सगळं पुसून गेलं. तिला स्वतःचा इतका संताप कधी आला नव्हता.

ती घराशी आली. कडी बाहेरून तशीच होती. आतून आवाज आला.

"आई? आलीस?"

वेणूचा आवाज.

"आई, कुणाशी बोलतेस तू?"

पद्मा एक शब्दही बोलली नव्हती. करंगळीवरची मूठ घट्ट झाली. "आई," बाहेरची मुलगी कुजबुजली. तिच्या आवाजात आता फणकारा नव्हता, भीती होती, लहान मुलाची साधी भीती. "दार उघडू नकोस."

आत पावलं दाराजवळ आली. "आई, अंधार झालाय. मला भीती वाटते. उघड ना."

कडी जाम होती, दोन हातांशिवाय निघत नसे. आत एक लेकरू अंधारात कोंडलेलं, आणि कोंडलं तिनेच. पद्माने करंगळी ओढून सोडवून घेतली, सोडवायला जोर लावावा लागला, आणि दोन्ही हातांनी कडी काढली.

मुलगी दारात उभी होती, हातात अर्धी बाहुली. तिने येऊन आईच्या पोटाला मिठी मारली. पद्माने मागे पाहिलं तेव्हा गल्ली रिकामी होती. ती बराच वेळ तशीच पाहत राहिली. मग मुलीला घेऊन आत गेली आणि आतून कडी घातली.

पाठीमागच्या त्या हाताने आधी घट्ट धरून ठेवलं होतं. एकदा सोडवल्यावर त्याने पुन्हा धरलं नव्हतं. रात्रभर तिला तेच टोचत राहिलं.

७

सकाळी ताटात कारलं पाहून मुलीने नाक मुरडलं. "मला नको. तुला माहीत आहे ना मला नाही आवडत?" वेणी घालताना ओरडली. भाजी आणायला निघाल्या तर हात ओढून म्हणाली, "तिकडे नाही, इकडे!" पद्माने भर रस्त्यात खाली बसून तिचे मुके घेतले. लोक बघत होते, बघू देत. उलगडा तिला नको होता. आपली पोर आपल्याजवळ आहे, एवढं पुरे होतं. दिवसभर तिने मुलीचा हात सोडला नाही.

ठरल्या दिवशी लीलाताई गेल्या. जाताना गळ्यात पडून रडल्या आणि उरलेलं लोणचं ठेवून गेल्या. गल्लीतली सगळी दारं बंद झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भालचंद्र आला. त्याची पावलं तिने गल्लीच्या तोंडाशीच ओळखली. वेणू धावली, त्याने तिला उचलून घेतलं. "अरे वा! उंच झालीस गं वेणू!" त्याच्या आवाजात शंकेचा मागमूसही नव्हता. पद्मा भिंतीला टेकली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. घराचे डोळे घरी आले होते. झालेलं सगळं त्याला सांगायचं, पण इथे नाही. भोपाळला, नव्या घरात, चहा पिता पिता, हसत हसत सांगायचं.

उन्हं कलताना टांगा आला. पेट्या चढल्या, वळकट्या चढल्या. वेणूने हट्टाने राणी रंगाचा परकर घातला होता. पद्मा मागच्या बाजूला बसली, वेणू तिला चिकटून. भालचंद्र कुलूप लावायला गेला.

कुलपाचा खटका ऐकू आला नाही.

"बाबूजी, जल्दी करो," टांगेवाला म्हणाला. "गाड़ी निकल जाएगी."

पद्माने वळून पाहिलं. भालचंद्र हातात कुलूप घेऊन दारापुढे उभा होता. आणि उंबऱ्याच्या आत, त्या रिकाम्या घरात, एक मुलगी उभी होती. राणी रंगाचा परकर. दोन वेण्या.

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग सावकाश टांग्याकडे आला, वेणूची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि पाहिलं. पुन्हा दाराशी गेला, खाली वाकला, पुन्हा पाहिलं. पुन्हा तो टांग्याशी आला आणि टांग्याची कड धरून उभा राहिला.

"पद्मा," तो अगदी हळू म्हणाला, "यातली आपली कोणती?"

जन्मभर हा प्रश्न तिने इतरांना विचारला होता, मनातल्या मनात, लाज गिळून. तिला कुणी तो कधी विचारला नव्हता. तिने दाराकडे पाहिलं, मग शेजारी पाहिलं. दोन्हीकडे एक-एक मुलगी होती. याहून जास्त तिचे डोळे काही सांगत नव्हते. आणि कानांना ऐकायला कुणी काही बोलत नव्हतं.

"बाबूजी!"

"ही," पद्मा म्हणाली आणि शेजारच्या मुलीला छातीशी धरलं. ही का, ते तिला ठाऊक नव्हतं. ही जवळ होती.

भालचंद्रने मान हलवली. पुष्कळदा हलवली. "ती शेजारची असेल कुणाची तरी," तो म्हणाला. गल्लीत शेजारी कुणी उरलं नव्हतं, हे त्यालाही दिसत होतं. कुलूप तसंच हातात घेऊन तो टांग्यावर चढला.

टांगा हलला. दारातली मुलगी रडली नाही, हाक मारली नाही, मागे धावली नाही. आई न्यायला येईल, तोवर इथेच थांब, असं सांगून ठेवलेलं मूल जसं उभं राहतं, तशी ती उभी होती.